जर्मनी-ऑस्ट्रियात स्वतः गाडी चालवायचीये, पहिल्यांदाच उजव्या बाजूने. अनुभव सांगा प्लीज

केतकी_वारजे

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, सासू-सासरे आणि पाच वर्षांची लेक, बारा दिवसांसाठी जर्मनी आणि ऑस्ट्रियाला चाललोय. म्युनिकला उतरायचं, मग फ्युसेनजवळचा तो डोंगरातला राजवाडा, इन्सब्रुक, त्सेल आम से, साल्झबुर्ग आणि परत म्युनिक असं साधारण ठरलंय. टूरबरोबर जायचं नाही हे पक्कं, कारण सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावे लागतात आणि आपल्यासाठी बसमधली चाळीस माणसं खोळंबतात हे त्यांना अजिबात आवडत नाही. म्हणून गाडी भाड्याने घ्यायची असं ठरलं.

चालवणार मी. नवऱ्याकडे लायसन आहे पण त्याला कंपनीची बस आहे, तो महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढतो. मी अकरा वर्षं रोज वारजे ते मगरपट्टा करतेय, नवले पूल, कात्रज-कोंढवा रोड, पाऊस, खड्डे सगळं झालंय, त्यामुळे गाडीची भीती अशी नाहीये. पण भारताबाहेर एकदाही स्टेअरिंगला हात लावलेला नाही आणि तिकडे सगळंच उलट. व्हिडिओ बघावेत तर एक जण म्हणतो दहा मिनिटांत सवय होते, दुसरा म्हणतो चुकूनही जाऊ नका. घरी सासरे काही बोलत नाहीत पण रोज पेपरातली कुठलीतरी अपघाताची बातमी वाचून दाखवतात, म्हणजे काळजी आहेच.

मला खरं खरं सांगा, नेमकं अवघड काय जातं? आयडीपी (परदेशात गाडी चालवायचं परमिट) पुण्यात किती दिवसांत होतं, ऑस्ट्रियात जाताना वेगळं काही घ्यावं लागतं का, आणि वाटेत दोन दिवस इटलीत डोलोमाइट्सला जाऊन यायचा मोह होतोय तो आवरू का? लेकीला आणि आई-बाबांना घेऊन जायचंय त्यामुळे "होतं सगळं, टेन्शन नका घेऊ" यापेक्षा थोडं सविस्तर सांगितलंत तर फार बरं वाटेल.

स्टुटगार्टकर

केतकीताई, मी सहा वर्षं तिकडे होतो, आता बाणेरला परत आलोय. सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी बाजूचं सांगतो कारण सगळे त्यालाच घाबरतात. एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही स्वतः कायम रस्त्याच्या मधल्या रेघेकडे बसलेल्या असायला हव्यात. पुण्यात तसंच असतं, तिकडेही तसंच असतं. वळल्यावर तुम्ही फुटपाथच्या बाजूला आहात असं दिसलं की समजायचं आपण चुकीच्या बाजूला शिरलोय. एवढं एक पुरतं, बाकी डावं-उजवं पाठ करत बसू नका.

सवय व्हायला खरंच अर्धा दिवस लागतो. पहिल्या दिवशी गाडी उजवीकडे सरकत राहते, कारण आपल्याला आपल्या डावीकडे गाडीचा मोठा भाग असण्याची सवय असते आणि आता तो सगळा उजवीकडे गेलेला असतो. उजवीकडे पार्क केलेल्या गाड्यांचे आरसे सांभाळा, शेजारी बसणाऱ्याला सांगून ठेवा की फार जवळ गेलं की बोल. गाडी ऑटोमॅटिकच घ्या, पैसे जास्त पडले तरी, उजव्या हाताने गिअर टाकण्यात डोकं घालवायची ती वेळ नाही. आणि इंडिकेटर! तुमची गाडी मारुती, ह्युंदाई, टोयोटा अशी काही असेल तर इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिकडे तो डाव्या हाताला, त्यामुळे पहिले दोन दिवस वळायच्या वेळी वायपर चालू होणार. स्कोडा-फोक्सवॅगन चालवत असाल तर इथेही डावीकडेच असतो, मग हा प्रश्न नाही.

चूक कधी होते माहितीये का? गर्दीत नाही. गर्दीत समोरचे जातात तसं आपण जातो. चूक होते सकाळी सात वाजता, हॉटेलच्या पार्किंगमधून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असतो, पुढे एकही गाडी नसते आणि हात सवयीने डावीकडे वळवतो. पेट्रोल पंपातून बाहेर पडतानाही तेच. मी पहिल्या महिन्यात एकदा असा शिरलो होतो, समोरून ट्रॅक्टर आला म्हणून कळलं, तो हळू होता म्हणून निभावलं. तेव्हापासून पार्किंगमधून निघताना मोठ्याने म्हणायचो, "उजवीकडे". बायकोही म्हणायची. तुम्ही लेकीला हे काम द्या, पाच वर्षांची मुलं असली कामं फार मनापासून करतात.

आता खरं अवघड. चौकात आधी कोण जाणार हे.

पुण्यात आपण चौकात माणूस बघतो. समोरचा थांबतोय का घुसतोय, रिक्षा आहे का पीएमटी, त्याच्या चाकाचा अंदाज घेतो आणि अर्ध्या सेकंदात ठरवतो. नळस्टॉपला आपण सगळे याच कौशल्यावर जगतो. तिकडे हे कौशल्य उपयोगाचं नाही, उलट घात करतं. तिकडचा ड्रायव्हर तुमच्याकडे बघतच नाही, तो बोर्ड बघून येतो, आणि त्याचा हक्क असेल तर तो ब्रेकवर पायसुद्धा नेत नाही. पन्नासच्या स्पीडने सरळ येतो कारण त्याला खात्री असते की तुम्ही थांबणार.

म्हणून तीन गोष्टी घरीच घोकून जा. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, हक्क तुमचा. त्याच चौकोनावर काळ्या रेघा मारलेल्या असतील तर तो हक्क संपला. उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या. आणि काहीच बोर्ड नसेल तर उजवीकडून येणारा आधी, मग तो रस्ता कितीही छोटा का असेना. ही शेवटची गोष्ट आपल्या लोकांना सगळ्यात जड जाते. तुम्ही गावातल्या छान रुंद रस्त्यावरून चाललाय, उजवीकडून बोळासारखी गल्ली येते, आपल्याला वाटतं तो थांबेल. नाही थांबणार. वस्तीतल्या ३० च्या झोनमध्ये बहुतेक सगळीकडे हाच नियम असतो, तिथे प्रत्येक उजव्या गल्लीला स्पीड कमी करून आत डोकावायचं.

आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. हक्क तुमचा असेल तर उगाच चांगुलपणाने थांबू नका, मागच्याला ते अपेक्षित नसतं, तो येऊन आदळेल.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे हिरव्या सिग्नलला उजवीकडे वळणं. तुम्हाला हिरवा असतो त्याच वेळी सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसालाही हिरवा असतो, आणि हक्क त्यांचा. सायकल तुमच्या मागून, उजव्या बाजूने, चांगली पंचवीसच्या स्पीडने येते. आरशात दिसत नाही. मान वळवून खांद्यावरून बघावंच लागतं, तिकडे लायसनच्या परीक्षेत मान वळवली नाही तर नापास करतात. लाल सिग्नलला उजवीकडे वळता येत नाही, अमेरिकेतल्या नातेवाइकांचं ऐकू नका. काही ठिकाणी सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची छोटी पाटी असते, तिथे पूर्ण थांबून मगच वळता येतं. सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, जागा नसेल तर मागे मागे जायचं, कोणी हॉर्न मारत नाही.

स्पीडचं असं की गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की ५०, वेगळा बोर्ड नसला तरीही. त्याच पाटीवर लाल तिरकी रेघ दिसली की गाव संपलं, साध्या रस्त्याला १००. त्यामुळे पाटी दिसल्याबरोबर पाय उचला, कॅमेरे बरेचदा तिथून जवळच असतात. ऑटोबानवर, म्हणजे तिकडच्या हायवेवर, काही भागांत लिमिट नाही हे खरं, पण १३० चा सल्ला आहे आणि तुम्ही ११०-१२० ने उजव्या लेनमध्ये शांत जा, कोणी काही म्हणत नाही. डावी लेन फक्त ओव्हरटेकपुरती. आरशात मागे कोणी नाही असं बघून तुम्ही डावीकडे जाता आणि पाच सेकंदांत तो २०० ने मागे आलेला असतो, म्हणून दोनदा बघा, लगेच ओव्हरटेक करा, लगेच परत उजवीकडे. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे. आपल्या एक्सप्रेसवेवर ट्रक उजव्या लेनमध्ये बसलेले असतात म्हणून आपल्याला डावीकडून काढायची सवय लागलीये, ती इथेच सोडून जा.

ट्रॅफिक जॅम झाला की डाव्या लेनच्या सगळ्यांनी डावीकडे चिकटायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे, मध्ये अँब्युलन्ससाठी वाट. सायरन ऐकू आल्यावर नाही, गाड्या रेंगाळायला लागल्या की लगेच. न केल्यास किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खंडाळ्याच्या घाटात अडकलेल्या अँब्युलन्स आठवल्या आणि घशात काहीतरी आलं. दोन मिनिटांत कुणी न सांगता सात-आठशे गाड्या बाजूला झालेल्या.

अजून एक, डिपर. आपल्याकडे डिपर म्हणजे "मी येतोय, तू थांब". तिकडे चौकात समोरच्याने डिपर दिला तर बहुतेक वेळा "तुम्ही जा" असा अर्थ असतो. ऑटोबानवर मागून दिला तर मात्र बाजूला व्हा. हॉर्न धोक्यापुरताच. आणि हातवारे कुणाकडे बघून करू नका, तिकडे तो अपमानाचा गुन्हा धरतात, पोलिसात तक्रार होते.

गुलमोहर

वर इतकं छान लिहिलंय की मी चालवण्याबद्दल बोलत नाही. मी कागदांचं आणि इटलीचं सांगते, कारण आम्हाला दोन्हीकडे चटका बसलाय.

केतकी, सगळ्यात आधी आज रात्री कपाट उघड आणि लायसनवरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि क्रेडिट कार्डावरचं नाव शेजारी ठेवून बघ. माझं लायसन लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या नावाचा. माझ्या कधी लक्षातच आलं नाही. काउंटरवरच्या माणसाने तीन वेळा दोन्ही कागद बघितले आणि गाडी द्यायला नाही म्हणाला, शेवटी नवऱ्याच्या नावावर घेतली आणि आठ दिवस मी शेजारी बसून होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण सगळी तयारी मी केली होती. नाव वेगळं असेल तर आत्ताच आरटीओत बदलून घे, जूनपर्यंत वेळ आहे.

आयडीपीसाठी सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १००० रुपये, पासपोर्ट लागतो. व्हिसा आणि मेडिकल सर्टिफिकेटची अट आधी होती, ती २०२१ मध्ये काढली. तुझा पत्ता वारज्याचा म्हणजे संगम पुलाजवळचं आरटीओ. ते जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. व्हिसाची अपॉइंटमेंटही लवकरची घे, नाहीतर शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. माझं चार दिवसांत झालं होतं पण तेवढ्यावर विसंबू नकोस. आणि आयडीपी म्हणजे नुसतं भाषांतर आहे, मूळ लायसनचं कार्ड बरोबर लागतंच. डिजिलॉकरमधलं चालत नाही.

गाडी घेताना ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. ते डिपॉझिट म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात तर लिमिट आधी वाढवून घे. नवऱ्याचं नावही दुसरा ड्रायव्हर म्हणून टाक, दिवसाचे थोडे पैसे जातात, पण तुला एखाद्या दिवशी कणकण आली तर? नाव नसताना त्याने चालवली आणि काही झालं तर इन्शुरन्स लागू होत नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकाच्या रिमसकट, मोबाईलवर व्हिडिओ घे, परत देताना पण घे. आणि कुठल्या कुठल्या देशात नेणार हे बुकिंगच्या वेळीच सांग, लेखी घे.

आता इटली. तिकडच्या जुन्या शहरांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, त्याला झेडटीएल म्हणतात. गोल पाटी, पांढरी, लाल कडा, वर कॅमेरा. कोणी अडवत नाही, शिट्टी मारत नाही, बॅरिकेड नाही. आम्ही टस्कनीतल्या एका गावात हॉटेल शोधताना एकाच संध्याकाळी चुकत चुकत तीन वेळा त्याच कमानीतून गेलो. छान फिरून घरी आलो, दिवाळी झाली, आणि मग कार्डावरून गाडीवाल्या कंपनीने तीन वेळा फी कापली, फक्त आमचा पत्ता तिकडे कळवण्याची. दंडाची पत्रं त्यानंतर आली, तीन वेगवेगळी. कमान एकच असली तरी दर वेळचा दंड वेगळा.

डोलोमाइट्सच्या डोंगरात तसा हा त्रास कमी, पण बोल्झानोसारख्या शहरात मुक्काम करणार असशील तर हॉटेलला आधी मेल करून विचार की गाडी दारापर्यंत आणता येते का, नंबर पालिकेला कळवावा लागतो का. शिवाय इन्सब्रुकहून खाली उतरायचं म्हणजे ब्रेनरची खिंड, त्याचा टोल वेगळा, पुढे इटलीच्या ऑटोस्ट्राडाला (तिकडच्या हायवेला) तिकीट घेऊन बाहेर पडताना पैसे भरायचे. टोलनाक्यावर नुसत्या पिवळ्या टेलिपास लिहिलेल्या लेनमध्ये चुकूनही शिरू नकोस, ती आपल्या फास्टॅगसारखी आहे. पंपावर गासोलिओ म्हणजे डिझेल हं, गॅसोलीन नाही! बेंझिना म्हणजे पेट्रोल. पहिल्याच ट्रिपला बारा दिवसांत तिसरा देश नको असं मला वाटतं, आजी-आजोबा आहेत बरोबर.

लोखंडी_रूळ

थोडं वेगळं मत देतो, राग मानू नका. गाडी पूर्ण बारा दिवस कशाला? म्युनिकमध्ये गाडी म्हणजे डोक्याला ताप, पार्किंग महाग आणि जागा मिळत नाही. एअरपोर्टवरून एस-१ किंवा एस-८ लोकल पकडली की चाळीस मिनिटांत शहरात, सगळ्या स्टेशनवर लिफ्ट आहेत बहुतेक. बायर्न-तिकीट नावाचं एक दिवसाचं तिकीट मिळतं, पाच जणांपर्यंत एकच तिकीट, बायर्न राज्यातल्या साध्या रेल्वेगाड्या, म्युनिकची मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात आणि ते साल्झबुर्गपर्यंतही चालतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी ९ नंतर, शनिवार-रविवारी पहाटेपासून. फक्त फास्ट गाड्यांना नाही.

म्हणजे पहिले तीन दिवस म्युनिक रेल्वेने करा, फ्लाइटचा थकवा जाऊ द्या आणि चौथ्या दिवशी गाडी घ्या. तोपर्यंत ट्राममधून खिडकीशी बसून चौकात कोण कसं थांबतंय ते बघून डोळ्यांना सवयही होईल. स्टुटगार्टकरांनी लिहिलंय ते सगळं ट्राममधून दिसतं.

चिंतामणी_काका

केतकी, मी तुझ्या सासऱ्यांच्या वयाचा आहे म्हणून त्यांच्या बाजूने थोडं लिहितो. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलीकडे ग्राझला गेलो होतो, तिने आणि मी मिळून गाडी चालवली, मी त्रेसष्टाव्या वर्षी.

पेपर वाचून दाखवणं म्हणजे ते घाबरलेत असं नाही, त्यांना काहीतरी काम हवंय. मागच्या सीटवर नुसतं बसून राहणं आम्हाला फार जड जातं. त्यांना पुढे तुझ्या शेजारी बसव आणि पाट्या वाचायचं काम दे. आत्तापासून महिनाभर त्यांना पिवळा चौकोन, उलटा त्रिकोण, गावाची पाटी असं सगळं शिकव, वहीत चित्रं काढून. माझ्या मुलीने मला तेच दिलं होतं. मी "मुख्य रस्ता" "मुख्य रस्ता संपला" "५०" असं म्हणत राहायचो आणि तिची नजर रस्त्यावर राहायची. मॅप मात्र तुझ्या नवऱ्याने मागे बसून बघावा, दोन माणसांनी दोन वेगवेगळी कामं, एकाच वेळी दोघांनी बोलायचं नाही हे आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी तिघं एकदम बोललो आणि मुलीने गाडी पार्किंगमध्ये घेऊन थांबवली, कुणावर ओरडली नाही, फक्त म्हणाली एक-एक जण बोला. तिचं बरोबर होतं.

मुंबईहून रात्रीची फ्लाइट म्हणजे तुम्ही पुण्यातून दुपारीच निघणार, म्हणजे उतराल तेव्हा तू जवळपास चोवीस तास जागी असशील. त्या दिवशी गाडी हातात घेऊ नकोस. वर रेल्वेचं लिहिलंय ते मला पटतं.

थांबण्याबद्दल, सासूबाईंसाठी. ऑटोबानवर दर थोड्या अंतराला थांबायच्या जागा असतात, काही नुसत्या बाक आणि टॉयलेटच्या, काही हॉटेल-पंपासकट. पंपाजवळच्या टॉयलेटला बहुधा १ युरो लागतो, सुटी नाणी जवळ ठेव. एक्झिट घेऊन बाहेर आलं की ट्रकवाल्यांसाठीचे मोठे थांबे असतात, तिथे डिझेल-पेट्रोल आणि जेवण दोन्ही स्वस्त पडतं. ऑटोबानच्या कडेला मात्र उगाच थांबता येत नाही, फोटोसाठी तर नाहीच. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, आदल्या दिवशी दूध, फळं, ब्रेड घेऊन ठेवा. आम्ही थालीपीठाची भाजणी आणि छोटा तवा नेला होता, त्याचा फार उपयोग झाला.

केतकी_वारजे

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. काल रात्री कागद काढून बघितले, लायसनवर माझं माहेरचंच नाव आहे!! गुलमोहर, तू लिहिलं नसतंस तर मला काउंटरवरच कळलं असतं. आज सकाळीच नाव बदलायचा अर्ज भरला.

काका, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण दुपारी बघते तर जुन्या डायरीत पिवळा चौकोन स्केचपेनने रंगवत बसलेले. मला जरा भरून आलं.

इटली रद्द. म्युनिकचे पहिले तीन दिवस रेल्वेने, चौथ्या दिवशी गाडी. आता ऑस्ट्रियाचं थोडं सांगाल का? टोलचं स्टिकर घ्यावं लागतं असं वाचलं. आणि नवऱ्याला ग्रोसग्लोकनरचा घाटरस्ता करायचाच आहे, तो मला झेपेल का? ताम्हिणी आणि वरंधा मी चालवलाय. लेकीसाठी कार सीट इथून नेऊ का तिकडे घेऊ? पेट्रोल आपलं आपण भरायचं ना?

स्टुटगार्टकर

स्टिकर म्हणजे विन्येट. ऑस्ट्रियाच्या हायवेला लागतं, जर्मनीत कारला टोल नाही. दहा दिवसांचं साधारण बारा-तेरा युरोला मिळतं, सीमेच्या अलीकडच्या पंपांवर घ्या आणि काचेवर लगेच चिकटवा, नुसतं डॅशबोर्डवर ठेवलेलं धरत नाहीत. डिजिटल पण मिळतं, ते गाडीच्या नंबरवर असतं, त्यामुळे गाडी हातात आल्यावरच घेता येईल, नंबर टाकताना दोनदा तपासा. गाडी ऑस्ट्रियात भाड्याने घेतली तर आधीच लावलेलं असतं, तुमची म्युनिकची असेल म्हणून घ्यावं लागेल. नसताना पकडलं तर शंभराच्या वर युरो.

ग्रोसग्लोकनर तुम्ही नक्की करा! १९३५ साली सुरू झालेला रस्ता आहे, ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं, सगळ्यात उंच जागा २५०४ मीटर. त्सेल आम सेहून अगदी जवळ. त्याचा टोल वेगळा, चाळीसच्या वर युरो. वरंधा चालवलेल्या माणसाला रस्ता अवघड नाही, उलट रुंद आणि गुळगुळीत आहे, कठडे आहेत. अवघड आहे तो उतार. सलग तास-दीड तास खाली यायचं असतं आणि ऑटोमॅटिक गाडी डी वर ठेवून नुसत्या ब्रेकवर आणली तर ब्रेक तापून वास यायला लागतो. गिअरचा दांडा मॅन्युअलवर घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. हे सिंहगडाच्या उतारावर आधी करून बघा. त्या दिवशी सकाळी लवकर निघा आणि आदल्या रात्री वरचे वेबकॅम बघा, जूनमध्येसुद्धा कधी कधी बर्फ पडून रस्ता काही तास बंद ठेवतात. वर थंडी असते, आई-बाबांना स्वेटर-कानटोपी हवीच. मोटरसायकलवाले खूप असतात, त्यांना जाऊ द्या.

कार सीट सक्तीची आहे. जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना लागतेच, मांडीवर घेऊन बसणं चालत नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. लेक रोज वापरते ती सीट असेल आणि त्यावर युरोपियन मानकाचा नारिंगी किंवा पांढरा शिक्का असेल तर तीच न्या, बहुतेक एअरलाइन्स फुकट नेतात, तिलाही तिच्या सीटवर झोप लागेल. नाहीतर गाडीबरोबर भाड्याने मिळते, पण बारा दिवसांचं भाडं मोजलं तर नवी घेण्याइतकं होऊ शकतं.

पेट्रोल आपण भरायचं. आधी भरायचं, पंपाचा नंबर लक्षात ठेवायचा, आत जाऊन पैसे द्यायचे. सुपर लिहिलेलं पेट्रोल, डिझेलचा नळ बहुतेक काळा असतो. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं कुठलं घालायचं, त्याचा फोटो काढून ठेवा.

पार्किंगला काही ठिकाणी निळ्या चकतीची पाटी दिसेल. गाडीत कागदी निळं घड्याळ असतं, ते पोचलेल्या वेळेच्या पुढच्या अर्ध्या तासावर लावून काचेमागे ठेवायचं. १० वाजून १० मिनिटांनी पोचलात तर साडेदहा. गाडीत ते, लाल त्रिकोण, फर्स्ट एड आणि चमकणारं जॅकेट आहे का ते गाडी घेतानाच बघा, जॅकेट डिकीत नाही तर सीटजवळ ठेवा, बंद पडली तर उतरण्याआधी अंगावर घालायचं असतं. ११२ नंबर दोन्ही देशांत चालतो.

लोखंडी_रूळ

साल्झबुर्गला जुन्या शहरात गाडी नेऊ नका. तिथे डोंगराच्या पोटात खोदलेलं मोठं पार्किंग आहे, म्योन्शबेर्गच्या आत, तिथून लगेच गावात बाहेर पडता येतं, सासूबाईंना चालायला कमी पडेल. आणि बायर्नमध्ये त्या सुमाराला शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते, तुमच्या तारखा त्यात येतात का बघा. आल्या तर म्युनिक-साल्झबुर्ग ऑटोबानला शनिवारी जाऊ नका, तुफान गर्दी असते, मंगळवार-बुधवार बघा.

गुलमोहर

केतकी नाव बदलून कार्ड आलं की मगच आयडीपीचा अर्ज कर हं, आयडीपीवर लायसनवरचंच नाव येतं. आणि क्रेडिट कार्ड?

केतकी_वारजे

क्रेडिट कार्ड सासरच्या नावाचंच आहे, ते ठीक आहे. तारखा बघितल्या, सुट्टीचे शेवटचे तीन दिवस आमच्यात येतायत, त्यामुळे साल्झबुर्ग शेवटी ढकललंय, बुधवारी. रविवारी सकाळी सहा वाजता सिंहगडाला जाणार आहोत, दुसऱ्या गिअरमध्ये उतरायची प्रॅक्टिस. बाबा पुढे बसणार आहेत, पाट्या वाचायला.